गूळपाण्यापासून बाटलीपर्यंत

मंडळी, उन्हातान्हातून पाहुणा दारी आला की पूर्वी खेडोपाडी एकच रीत होती. ओसरीवर घोंगडी पडायची, पाय धुवायला पाणी यायचे, आणि मागोमाग वाटीत गुळाचा खडा आणि तांब्याभर गार पाणी. पाहुणा खडा तोंडात टाकी, वर पाणी पिई, आणि मग बोलणे सुरू होई. आज त्याच ओसरीवर काय घडते ते तुम्हांला ठाऊकच आहे. पोराला दुकानात पिटाळतात आणि तो बाटली घेऊन येतो. पाहुण्यापुढे नुसते पाणी ठेवले तर घरधन्यालाच ओशाळल्यासारखे होते. "थंडा तरी घ्या" हा आग्रह आता पाहुणचाराचाच भाग होऊन बसला आहे.

गुळाच्या खड्यापासून बाटलीपर्यंत आपण कसे आलो, आणि येता येता आपल्या पोटातल्या एका मुक्या अवयवावर किती ओझे पडले, ते आज तुम्हांला सांगायचे आहे. तो अवयव म्हणजे यकृत.

यकृत असते उजव्या बरगड्यांच्या खाली. मोठ्या माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलो भरते. मटणाच्या दुकानात ज्याला कलेजी म्हणतात ते बकऱ्याचे यकृतच. आणि आपल्याकडे "अमक्याचे लिव्हर बिघडले" असे कानावर आले की लोक दुसरा प्रश्न विचारीत नाहीत. सगळे एकच समजतात, की गडी पितो.

आता समजा, तुमच्या गावात एक माळकरी गृहस्थ आहेत. दरसाल पंढरीची वारी करणारे, दारूचा वाससुद्धा न सोसणारे. काही कारणाने तालुक्याच्या दवाखान्यात त्यांची सोनोग्राफी होते आणि डॉक्टर सांगतात, "बाबा, तुमच्या यकृतात चरबी साठली आहे." ही बातमी गावात पोचली की पारावर काय बोलणे होईल? "गळ्यात माळ, आणि चोरून घेत होता वाटते!" त्या बिचाऱ्याने जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही. घेतला असेल तर दिवसाला सहा कप गोडमिट्ट चहा आणि उन्हाळ्यात रोज एक-दोन बाटल्या थंडा. तरी आळ यायचा तो येतोच. हा आळ खोटा असू शकतो, हे वैद्यकशास्त्राला कसे उमगले त्याचीच ही हकीकत आहे. पण ती समजायला आधी साखरेची आणि बाटलीची हकीकत थोडी ऐकली पाहिजे.

ऊस मूळचा न्यू गिनी बेटाकडचा, असे शास्त्रज्ञ मानतात. पण उसाच्या रसापासून खडीसाखर आणि दाणेदार साखर करण्याची विद्या वाढली ती भारतात. इंग्रजीतला 'शुगर' हा शब्द आपल्या 'शर्करे'पासून आणि 'कँडी' हा 'खंड' ह्या शब्दापासून निघाला. फारसी-अरबी मुलखांतून फिरत फिरत हे शब्द युरोपात पोचले. शब्द दूर गेले, पण साखर कित्येक शतके महागच राहिली. आपल्या घरांतही रोजचा गोडवा गुळाचा, तोही बेताचा. साखर दिसायची ती सणावाराला. ऊस खायचा तर दातांनी सोलायचा, कांड्याचे तुकडे करायचे आणि चघळत बसायचे. दोन कांडी संपेपर्यंत जबडा दुखून येई आणि माणूस आपोआप थांबे. कैरीचे पन्हे असे, पण ते चैत्र-वैशाखापुरते. म्हणजे गोडाला लगाम होता. कधी किमतीचा, कधी ऋतूचा, तर कधी दातांचा.

पुढे हा लगाम सैल झाला. यंत्रावरचे साखर कारखाने निघाले. आपल्या महाराष्ट्रात १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले, आणि त्यामागून जिल्ह्याजिल्ह्यांत धुराडी उभी राहिली. उसाच्या पैशावर कित्येक घरांतली मुले शिकली, विहिरी बांधल्या गेल्या, लग्ने उरकली. तेव्हा ऊस पिकवणाऱ्याला नावे ठेवायला मी आलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. साखर असणे हा काही दोष नव्हे. पण साखर खाण्याची वस्तू होती ती पिण्याची झाली, आणि पिण्याला लगाम राहिला नाही. आजच्या गोष्टीतली खरी मेख इथेच आहे.

आता बाटलीकडे वळू. तिचा जन्म मोठा साधा आहे. इंग्लंडात लीड्स शहरी जोसेफ प्रिस्टले नावाचा एक पाद्री आणि शास्त्रज्ञ राहत असे. त्याच्या शेजारी बीअरचा कारखाना होता. तिथे आंबवणाच्या पिंपांवर जो वायू साचतो तो पाण्यात मिसळून पाहावा, असे १७६७ साली त्याच्या मनात आले. पाणी फसफसले. १७७२ साली त्याने ही कृती छापूनच काढली. पुढे १७८३ साली जिनिव्हात याकोब श्वेप ह्याने अशा पाण्याचा धंदा सुरू केला. हे पाणी त्या वेळी औषध म्हणून विकत आणि त्यात साखर नसे. साखर, लिंबू, आले ही मागाहून आली.

आपल्या मुलखात सोडा आला तो इंग्रजांच्या छावण्यांबरोबर. पुण्याच्या कँपात १८८४ साली अर्देशीर यांचा कारखाना निघाला, मुंबईत १८८९ साली ड्यूक्स निघाला. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली गोटीच्या बाटलीचे पेटंट घेतले होते. ती बाटली आपल्या जत्रांत आणि बाजारांत इतकी रुळली, की 'गोटी सोडा' हा शब्द मराठीच वाटावा. पण लक्षात घ्या, ह्या सोड्याची चैन जत्रेपुरती होती. वर्षातून दोनदा फोडलेली गोटी कोणाच्या यकृताला जड जात नव्हती.

१८८६ साली अमेरिकेत अटलांटा गावी जॉन पेंबर्टन ह्या औषधविक्याने कोका-कोला तयार केले. त्याच्या बाटलीत पुष्कळ वर्षे साडेसहा औंस पेय मावे, म्हणजे साधारण १९० मिलिलिटर. १९५५ साली मोठ्या बाटल्या निघाल्या आणि मग माप वाढतच गेले. भारतात हे पेय १९५० साली आले, १९७७ साली परकीय चलनाच्या कायद्यावरून कंपनीने गाशा गुंडाळला आणि १९९३ साली ती परत आली. मधल्या काळात देशी कंपन्यांनी ती जागा भरून काढली होती, म्हणजे सवय काही कुठे गेली नव्हती. २००२-०३ च्या सुमारास २०० मिलिलिटरची बाटली ५ रुपयांना खेड्यापाड्यांत पोचली. जत्रेतली चैन त्या दिवसापासून वाडीवरच्या दुकानात येऊन बसली. आणि आज तर लिटर-दोन लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या लग्नाच्या मांडवात पाण्यासारख्या फिरतात.

एका बाटलीत साखर असते तरी किती? अशा पेयात १०० मिलिलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ३० ग्रॅमांहून अधिक, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे. चहात कोणी सात चमचे साखर घालून दिली तर तुम्ही कप खाली ठेवाल. पण गारवा, आंबटपणा आणि फसफस ह्यांच्या आड तेवढीच साखर पाच मिनिटांत घशाखाली उतरते. आणि गंमत अशी, की तेवढे पोटात जाऊनही भूक भागल्यासारखी वाटत नाही. भाकरी खायची तेवढी आपण खातोच.

आता यकृताचे काम काय ते पाहू. पॅरिसमध्ये क्लोद बर्नार नावाचा एक मोठा शरीरशास्त्रज्ञ होऊन गेला. यकृत साखर साठवते आणि लागेल तशी रक्तात सोडते, हे त्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवले. १८५७ साली त्याने हा साठ्याचा पदार्थ वेगळाही काढला. त्याला ग्लायकोजेन म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर यकृत हे घरातले पेव आहे. सुगीत भरायचे, उन्हाळ्यात उपसायचे. पण पेव किती मोठे, ह्याला मर्यादा आहे. ते भरले आणि तरी पोत्यांमागून पोती येतच राहिली, तर त्या धान्याचे काहीतरी दुसरे करावे लागते. यकृत त्याची चरबी करते.

इथे साखरेची एक खोड समजून घ्या. साखरेचा कण आतड्यात फुटला की त्याचे दोन सारखे भाग होतात. एक ग्लुकोज, दुसरी फळसाखर म्हणजे फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळ्या शरीराला चालते. स्नायू, मेंदू, सगळे आपापला वाटा उचलतात. फ्रुक्टोजचा मोठा भार मात्र एकट्या यकृतावर पडतो. शिवाय ग्लुकोजच्या वाटेवर यकृतात जसा नाका आहे, की पुरे झाले की आवक कमी करायची, तसा नाका फ्रुक्टोजच्या वाटेवर नाही. ते येईल तेवढे आत घेतले जाते आणि त्यातला काही भाग चरबी होऊन यकृतातच साचतो. मग कोणी म्हणेल, फळांतही हीच साखर असते ना? असते. पण फळात ती थोडी असते, चोथ्याबरोबर येते आणि चावून खाताना सावकाश उतरते. बाटलीतली येते ती पुरासारखी.

अमेरिकेत तर ह्या पुराला आणखी एक ओढा मिळाला. १९५७ साली मार्शल आणि कूई ह्या दोघा शास्त्रज्ञांनी मक्याच्या ग्लुकोजचे फ्रुक्टोज करणारी क्रिया प्रसिद्ध केली. पुढे जपानी शास्त्रज्ञांनी ती कारखान्याला परवडेल अशी केली. मक्याचा हा गोड पाक इतका स्वस्त पडू लागला, की १९८४ पर्यंत तिथल्या बड्या शीतपेय कंपन्या उसाची आणि बिटाची साखर सोडून त्याच्याकडे वळल्या. आपल्याकडच्या पेयांत बहुतेक उसाचीच साखर असते. पण "आपली उसाची आहे, तिने काही होत नाही" असे समजू नका. पेयांत वापरायच्या पाकात निम्म्याहून किंचित अधिक फ्रुक्टोज, आणि उसाच्या साखरेत बरोबर निम्मे. यकृताच्या दृष्टीने दोघांत फारसे अंतर नाही.

आता आपल्या माळकऱ्याकडे परत येऊ. फुगलेले, चरबीने पिवळट झालेले यकृत डॉक्टरांच्या ओळखीचे होते. पण त्या चरबीबरोबर दाह आणि व्रण दिसले की निदान जवळजवळ ठरलेले असे, ते म्हणजे दारू. रोगी म्हणे मी पीत नाही. घरची माणसे म्हणत पीत नाही. तरी डॉक्टरांच्या मनातला संशय जात नसे. १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये युर्गेन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २० रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. ही माणसे पिणारी नव्हती, आणि तरी त्यांच्या यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली मद्यप्याच्या यकृतासारखा दिसत होता. पुष्कळजण स्थूल होते, कित्येकांना मधुमेह होता. ह्या रोगाला तोवर नावच नव्हते. लुडविग यांनी ते दिले. त्याचा अर्थ इतकाच, की मद्याखेरीज झालेला चरबीचा यकृतदाह. नाव मिळाले आणि न पिणाऱ्याला आपला खरेपणा सांगायला एक आधार मिळाला.

मग प्रश्न उरला, की हे होते कशाने? कारण एक नाही. वाढलेले वजन, बैठे जीवन, मधुमेह, आनुवंशिकता, सगळ्यांचा हात असतो. पण गोड पेयांचा हातही पुढे स्पष्ट दिसू लागला. डेन्मार्कमध्ये ४७ स्थूल माणसांचे चार गट करून सहा महिने पाहणी केली. तिचा निष्कर्ष २०१२ साली छापला गेला. एका गटाने रोज एक लिटर साखरेचे कोला घेतले, दुसऱ्याने तेवढीच ऊर्जा देणारे कमी सायीचे दूध, तिसऱ्याने बिनसाखरेचे कोला आणि चौथ्याने पाणी. कोलावाल्यांच्या यकृतातली चरबी बाकीच्यांच्या मानाने स्पष्टपणे वाढली. दूधवाल्यांची तशी वाढली नाही. २०१५ साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या प्रसिद्ध पाहणीतही हेच आढळले. रोज गोड पेय घेणाऱ्यांत यकृतात चरबी असण्याचे प्रमाण जास्त होते.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २०१९ सालचा मुलांवरचा प्रयोग. यकृतात आधीच चरबी असलेली ११ ते १६ वर्षांची ४० मुले घेतली. निम्म्या मुलांच्या घरचा आहारच असा बदलला, की वरून घातलेली साखर जवळजवळ बंद. उरलेली मुले नेहमीचेच खात-पीत राहिली. आठ आठवड्यांत पहिल्या गटाच्या यकृतातली चरबी शेकडा २५ वरून १७ वर आली. दुसऱ्या गटाची २१ वरून २० वर. मंडळी, नुसत्या आठ आठवड्यांत! हे ऐकून तरी आपण निराश होऊ नये. यकृत हा मोठा क्षमाशील अवयव आहे. चरबी साठण्याच्या पायरीवर ओझे उतरवले तर तो सावरतो. पुढे दाह होतो, मग व्रणांची जाळी पडते, आणि शेवटी सिरोसिस होऊन यकृत दगडासारखे घट्ट होते. त्या टोकाला गेल्यावर मात्र परतणे फार कठीण. आणि अडचण अशी, की आरंभी ना दुखते ना खुपते. म्हणून पोट सुटलेल्याने, मधुमेह असलेल्याने, माळकरी असो वा नसो, एकदा डॉक्टरांना विचारून घ्यावे.

इथे आपल्याकडची एक समजूतही बोलून टाकतो. कावीळ झाली की उसाचा रस प्यावा, असे घरोघर सांगतात. कावीळ झालेल्याला अन्न जात नाही, तेव्हा गोड रसाने थोडी शक्ती मिळते, इतकेच त्यात तथ्य आहे. रस काही कावीळ बरी करत नाही. उलट रसवंतीचे भांडे, बर्फ आणि पाणी अस्वच्छ असेल तर कावीळ पसरवणारे विषाणू त्यातूनच पोटात जाऊ शकतात. आणि उसाच्या रसातही साखर शेकडा १२ ते १५ भाग असते, म्हणजे बाटलीपेक्षा कमी नाही. घुंगरांच्या तालावर चरकातून निघालेला रस हौसेने कधीतरी जरूर प्या. औषध म्हणून किंवा रोजचे पाणी म्हणून पिऊ नका.

सरकारेही ह्या बाबतीत हळूहळू जागी झाली. मेक्सिकोने २०१४ साली गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला. ब्रिटनने २०१८ साली साखरेच्या प्रमाणावर कर लावला, तेव्हा कंपन्यांनी आपण होऊन साखर कमी केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या शेकडा १० च्या आत ठेवा आणि साधले तर ५ च्या आत. हे ५ म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे २५ ग्रॅम. एका बाटलीतच ते संपून जातात. भारताने २०२१ साली मद्याविना होणाऱ्या ह्या यकृतविकाराचा समावेश मधुमेह, हृदयविकार आणि कर्करोग यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. २०२३ साली जगभरच्या तज्ज्ञांनी रोगाचे नावही बदलले. जुन्या नावात 'मद्य' हा शब्द होता. नकारार्थी का होईना, पण तो रोग्याला चिकटत होता. तो आता काढून टाकला आहे. माळकऱ्याच्या कपाळावरचा उरलासुरला डाग जणू पुसला गेला.

आता गुरुजनांना एक विनंती. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ साली आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. तुमची शाळा कोणत्याही मंडळाची असो, हे काम फळ्यावरही होते. एक रिकामी बाटली वर्गात आणा. तिच्यावरचा बारीक मजकूर मुलांना वाचायला लावा. १०० मिलिलिटरला किती ग्रॅम, बाटली किती मिलिलिटरची, गुणाकार करा आणि तेवढी साखर तराजूने तोलून कागदावर ठेवा. गणिताचा तासही होईल आणि आरोग्याचाही. तो साखरेचा ढीग मुले विसरणार नाहीत आणि घरी जाऊन सांगितल्यावाचूनही राहणार नाहीत.

आणि तुम्ही घरधन्यांनो, पाहुणा आला तर ओशाळू नका. माठातले गार पाणी द्या, पातळ ताक द्या, नाहीतर तोच जुना गुळाचा लहानसा खडा आणि तांब्याभर पाणी द्या. गुळातही साखरच आहे, म्हणून खडा लहानच असू द्या. आणि गावात कोणा न पिणाऱ्याचे यकृत बिघडल्याचे ऐकलेत, तर पारावर त्याची बाजू घ्या. त्याला लबाड म्हणण्यापेक्षा त्याच्या घरी जाऊन, तो दिवसभर काय काय गोड पितो ते विचारा. त्याच्या दुखण्यावरचा इलाज बहुधा त्या उत्तरातच सापडेल.